जनावराच्या खुराकातले आपल्या ताटात नेमके काय उतरते?

कुरणवाट (धागालेखक)

मांसाहाराविषयीच्या चर्चेत हल्ली एक वाक्य हटकून येते: जनावर जे खाते तेच शेवटी आपण खातो. वाक्य आटोपशीर आहे आणि निम्मे खरेही आहे. अडचण आहे ती उरलेल्या निम्म्याची. गवतावर वाढलेल्या जनावराचे मांस म्हणजे जणू औषध आणि धान्यावर वाढलेल्याचे म्हणजे विष, अशी सरधोपट विभागणी या वाक्याच्या आधाराने केली जाते. जिथे खुराकामुळे माणसांना खरोखर इजा झाली, त्या प्रसंगांचा मात्र या चर्चांमध्ये उल्लेखही होत नाही. म्हणून प्रश्न थोडा बारकाईने मांडावासा वाटतो: कोणत्या प्राण्याच्या मांसात, खुराकातला कोणता घटक, किती प्रमाणात उतरतो?

सुरुवात पोटापासून करावी लागते. डुकराचे जठर आपल्यासारखे एकाच कप्प्याचे असते. कोंबडीची पचनसंस्था निराळी असली, तरी चरबीच्या बाबतीत तिचे वागणे डुकरासारखेच असते. या प्राण्यांच्या खाद्यात ज्या प्रकारची मेदाम्ले (चरबीचे मूळ घटक) असतील ती फारशी न बदलता त्यांच्या चरबीत साठतात. अमेरिकेच्या कृषी खात्यातील एलिस आणि इझबेल या संशोधकांनी १९२६ मध्येच याविषयीचे प्रयोग प्रसिद्ध केले होते. भुईमुगावर पोसलेल्या डुकरांची चरबी मऊ आणि तेलकट का निघते, हा त्या काळी व्यापाऱ्यांना सतावणारा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर शेंगदाण्यातल्या तेलातच होते.

गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांचे प्रकरण वेगळे आहे. त्यांच्या कोटीपोटात, म्हणजे जठराच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, अब्जावधी सूक्ष्मजीव असतात आणि चाऱ्यातली असंपृक्त मेदाम्ले रक्तात पोहोचण्याआधीच हे सूक्ष्मजीव त्यांतील बहुतांश भागाचे संपृक्त मेदाम्लांत रूपांतर करतात. त्यामुळे तेच जवस कोंबडीला घातले तर तिच्या मांसातील ओमेगा-३ झपाट्याने वाढते, आणि गाईला घातले तर फरक पडतो खरा, पण पुष्कळसा वाटेतच हरवतो. रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या मांसावर खुराकाचा परिणाम होतो, पण तो या सूक्ष्मजीवांच्या चाळणीतून गाळून येतो, ही गोष्ट लोकप्रिय लेखांत क्वचितच सांगितली जाते.

आता गवत विरुद्ध धान्य. गवतात अल्फा-लिनोलेनिक हे ओमेगा-३ कुळातले आम्ल अधिक असते, तर मक्यासारख्या धान्यात लिनोलेइक हे ओमेगा-६ कुळातले. अनेक अभ्यास एकत्र करून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, चराऊ गोमांसातील ओमेगा-६ आणि ओमेगा-३ यांचे गुणोत्तर सरासरी दीडास एक, तर धान्यावर वाढवलेल्या जनावरांत साडेसातास एक असे आढळले; हे गुणोत्तर कमी असणे चांगले मानले जाते. चराऊ मांसात जीवनसत्त्व ई आणि बीटा-कॅरोटीनही अधिक असते. चरबीला येणारी पिवळसर छटा त्या कॅरोटीनचीच. इथपर्यंत सारे खरे आहे. परंतु गुणोत्तर हा मोठा फसवा आकडा असतो. कमी चरबीच्या १०० ग्रॅम चराऊ गोमांसात ओमेगा-३ साधारणतः शंभर मिलिग्रॅमच्या आत असते, तर तेवढ्याच वजनाच्या तेलकट समुद्री माशात ते एक ते दोन ग्रॅम असू शकते. गुणोत्तर पाचपट सुधारले, तरी मुळातले माप एवढे लहान आहे की केवळ या कारणासाठी मांस निवडणे मला तरी पटत नाही.

खुराकात काय मिसळले गेले आणि त्यातून काय घडले, या बाजूविषयी जाणकारांनी लिहावे अशी विनंती. माझ्या मते खरा मजकूर तिकडेच आहे.

प्रतिसाद १ · गोठ्यावरून

मी पशुवैद्यक आहे. आपण केलेली मांडणी योग्य आहे आणि शेवटच्या परिच्छेदाशी तर मी पूर्णपणे सहमत आहे. खुराकाने माणसाचे आरोग्य बिघडवल्याचे सर्वांत भयानक उदाहरण ब्रिटनमधील आहे. तेथे १९८६ मध्ये गाईंच्या मेंदूची चाळणी करणारा एक नवा रोग ओळखला गेला. कत्तलीनंतर उरणारे मांस, हाडे आणि आतडी उकळून वाळवून केलेली भुकटी स्वस्त प्रथिन म्हणून गाईंच्याच खाद्यात मिसळली जात होती, म्हणजे शाकाहारी जनावराला नकळत स्वजातीचे मांस खायला लावले जात होते. रोगाचे कारण ठरलेले प्रिऑन हे चुकीच्या घडीचे प्रथिन असते. ते ना जिवाणू, ना विषाणू, त्यामुळे नेहमीच्या शिजवण्याने ते नष्ट होत नाही. रवंथ करणाऱ्या प्राण्यांना अशी भुकटी घालण्यावर १९८८ च्या जुलैमध्ये बंदी आली, तरी रोगाचा सुप्तकाळ चार-पाच वर्षांचा असल्यामुळे बाधित जनावरांची संख्या १९९२-९३ पर्यंत वाढतच राहिली आणि एकूण आकडा एक लाख ऐंशी हजारांच्या पुढे गेला. माणसांतील व्हेरियंट क्रॉइट्झफेल्ड-याकोब या मेंदूच्या रोगाचा या मांसाशी संबंध असावा, हे सरकारने २० मार्च १९९६ रोजी मान्य केले. त्या रोगाने एकट्या ब्रिटनमध्ये १७८ जण दगावले.

येथे गवत की धान्य हा प्रश्नच नव्हता. भुकटीचे प्रमाणही थोडेच होते. तरीही अन्नसाखळी स्वतःभोवतीच गुंडाळली गेली आणि त्या वर्तुळात जो दोष शिरला तो दर फेरीत वाढत गेला.

दुसरे उदाहरण बेल्जियममधील १९९९ चे आहे. पशुखाद्यासाठी गोळा केलेल्या टाकाऊ चरबीत विद्युत रोहित्रांतले पीसीबी या विषारी रसायनाचे तेल मिसळले गेले आणि ते खाद्य शेकडो कोंबडीपालकांकडे पोहोचले. कोंबड्यांची अंडी घटली, पिले मरू लागली, तेव्हा कुठे शोध सुरू झाला; पुढे कृषी आणि आरोग्य अशा दोन्ही खात्यांच्या मंत्र्यांना राजीनामे द्यावे लागले. अशा तेलातले डायॉक्सिन हे विष चरबीत साठते आणि माणसाच्या शरीरात त्याचे प्रमाण निम्म्यावर येण्यास सात ते अकरा वर्षे लागतात. धागालेखकांनी कोंबडीची चरबी खाद्याचे प्रतिबिंब दाखवते असे म्हटले आहे. ते प्रतिबिंब जवसाचे पडते तसेच विषाचेही पडते.

प्रतिसाद २ · शंकासुर

दोन्ही लेखन उत्तम आहे. परंतु सर्वसामान्य माणसाच्या मनातला प्रश्न अजून कोणी घेतला नाही. मांसल कोंबडी सहा आठवड्यांत दोन किलोच्या पुढे जाते ती संप्रेरकांची इंजेक्शने दिल्याशिवाय जाईलच कशी? आणि तशी कोंबडी खाऊन मुली लवकर वयात येतात, असे सर्वत्र बोलले जाते, त्याचे काय?

प्रतिसाद ३ · गोठ्यावरून

शंकासुर, हा प्रश्न मला जवळजवळ रोज विचारला जातो. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाने २०१४ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. १९५७ आणि १९७८ सालच्या कोंबड्यांचे वाण तेथे जतन करून ठेवलेले होते. ते आणि २००५ चा व्यापारी वाण एकाच वेळी, एकाच खाद्यावर वाढवण्यात आले. ५६ व्या दिवशी १९५७ च्या वाणाचे सरासरी वजन ९०५ ग्रॅम, १९७८ च्या वाणाचे १,८०८ ग्रॅम आणि २००५ च्या वाणाचे ४,२०२ ग्रॅम भरले. खाद्य तेच असूनही चौपटीहून अधिक फरक पडला, तो निवडक पैदाशीचा. शिवाय वाढीचे संप्रेरक हे प्रथिन असल्यामुळे खाद्यातून दिले तर ते पचून जाते, आणि हजारो पक्ष्यांना पुन्हापुन्हा टोचत बसणे कोणत्याही व्यावसायिकाला परवडणारे नाही.

म्हणजे सारे आलबेल आहे असे मात्र नाही. इतक्या वेगाने वाढणाऱ्या पक्ष्याच्या छातीच्या मांसावर चरबीच्या पांढऱ्या रेघा दिसू लागतात. अशा मांसात चरबी अधिक आणि प्रथिने कमी असल्याचे मोजमापांतून दिसले आहे. पायांचे आणि हृदयाचे विकार हा त्या पक्ष्याने भोगायचा भाग वेगळाच. मांसाची गुणवत्ता खालावते ती वाणामुळे, आणि लोक दोष देतात इंजेक्शनला.

गोवंशाबाबत मात्र आपली शंका रास्त आहे. काही देशांत बैलांच्या कानात संप्रेरकांच्या गोळ्या बसवण्यास परवानगी आहे, तर युरोपीय संघाने अशा मांसावर १९८९ पासून बंदी घातलेली आहे. डीईएस हे कृत्रिम संप्रेरक अमेरिकेत गुरांसाठी १९७९ पर्यंत वापरात होते. आणि बेकायदा वापराचे परिणाम किती तत्काळ दिसू शकतात, याचा पुरावा स्पेनमध्ये १९९० मध्ये मिळाला. जनावराच्या अंगावर मांस चढावे म्हणून दिलेले क्लेनब्युटेरॉल हे औषध यकृतात साठून राहिले आणि ते यकृत खाणाऱ्या १३५ जणांना थरथर, धडधड आणि डोकेदुखीचा त्रास झाला. हे संप्रेरक नव्हे, दम्यावरच्या औषधांच्या कुळातले रसायन आहे.

प्रतिसाद ४ · सूक्ष्मदर्शी

आतापर्यंतच्या चर्चेत प्रतिजैविकांचे नाव आले नाही, याचे आश्चर्य वाटते. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे या विषयावर थोडे विस्ताराने लिहितो.

ही कथा एका योगायोगाने सुरू होते. १९४९ च्या सुमारास ज्यूक्स आणि स्टोकस्टॅड हे दोन अमेरिकी संशोधक पिलांच्या वाढीसाठी बी-१२ जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. क्लोरटेट्रासायक्लिन तयार करून झाल्यावर उरलेला चोथा त्यांनी पिलांना घातला आणि पिले अपेक्षेपेक्षा अधिक वेगाने वाढली. चोथ्यात राहून गेलेले प्रतिजैविक हे त्याचे कारण ठरले. त्यानंतर आजारी नसलेल्या जनावरांच्या खाद्यातही प्रतिजैविके अल्प मात्रेत रोज मिसळण्याची पद्धत जगभर रूढ झाली. जिवाणू मारण्यास अपुरी, पण प्रतिरोधक जिवाणू निवडून वाढवण्यास अगदी पुरेशी अशी ही मात्रा असते.

लोक येथे एक गल्लत करतात. त्यांना भीती असते ती मांसात उरलेल्या औषधाची. औषध थांबवल्यापासून कत्तलीपर्यंत सक्तीचा काळ पाळला तर अवशेष बहुधा मर्यादेत राहतात. तो पाळला नाही तर ॲलर्जी असलेल्या व्यक्तीला त्रास होऊ शकतो, हे खरे. परंतु सार्वजनिक आरोग्याचा मोठा प्रश्न त्या औषधाला सरावलेल्या जिवाणूंचा आहे, आणि ते जिवाणू मांस न खाणाऱ्यालाही गाठतात. स्टुअर्ट लेव्ही यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका शेतावरील कोंबड्यांना टेट्रासायक्लिनयुक्त खाद्य दिले गेले. आठवडाभरात त्यांच्या आतड्यांतील जिवाणू प्रतिरोधक झाले आणि पाच-सहा महिन्यांत शेतावर राहणाऱ्या माणसांच्या आतड्यांतही तसे जिवाणू वाढलेले आढळले. त्या माणसांनी ते औषध घेतले नव्हते.

युरोपात अव्होपार्सिन या खाद्य-प्रतिजैविकाची रचना व्हॅन्कोमायसिनशी मिळतीजुळती होती, आणि व्हॅन्कोमायसिन हे रुग्णालयांतील शेवटच्या फळीतले औषध. डेन्मार्कने १९९५ मध्ये आणि युरोपीय संघाने १९९७ मध्ये अव्होपार्सिन बंद केले. वाढीसाठी दिली जाणारी सर्वच प्रतिजैविके संघाने १ जानेवारी २००६ पासून थांबवली. तरीही २०१५ मध्ये चीनमधून बातमी आलीच: कोलिस्टिनला दाद न देणारे एमसीआर-१ हे जनुक डुकरांत, मांसात आणि रुग्णांतही सापडले होते, आणि ते एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाऊ शकत होते. कोलिस्टिन हेही शेवटच्या फळीतलेच.

व्यवहारात याचा अर्थ काय? नीट शिजवलेल्या मांसातील जिवाणू मरतात, मग ते प्रतिरोधक असोत वा नसोत. कोंबडीसाठी आतील तापमान ७४ अंश सेल्सिअसपर्यंत जाणे पुरेसे मानले जाते. धोका असतो तो कच्च्या मांसाचे पाणी लागलेल्या सुरीचा, फळीचा आणि हातांचा. आणि शेणखत, सांडपाणी, गोठ्यात राबणारे हात हे मार्ग तर कोणाच्याही स्वयंपाकघराच्या ताब्यात नसतात.

प्रतिसाद ५ · शंकासुर

कोंबडीविषयीचे उत्तर पटले. आकडेच असे आहेत की वाद घालायला जागा नाही. सूक्ष्मदर्शी यांना एक उपप्रश्न: धान्यावर पोसलेल्या गुरांच्या पोटात घातक ई. कोलाय जिवाणू वाढतात आणि गवतावर घातले की ते नाहीसे होतात, असे वाचले होते. ते खरे आहे काय?

प्रतिसाद ६ · सूक्ष्मदर्शी

हा दावा १९९८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांच्या प्रयोगामुळे गाजला. धान्यामुळे गाईच्या मोठ्या आतड्यात आम्लता वाढते, तेथे आम्लाला सरावलेले ई. कोलाय तगतात आणि असे जिवाणू आपल्या जठरातील आम्लातूनही सुखरूप पार होत असावेत, असा तो तर्क होता. काही दिवस वाळलेल्या गवतावर ठेवल्यास त्यांची संख्या पुष्कळ घटल्याचेही त्यांनी दाखवले. मात्र १९८२ मध्ये ओळखल्या गेलेल्या ओ१५७:एच७ या घातक प्रकाराबाबत नंतरच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळले नाहीत आणि चराऊ गुरांतही तो आढळला. केवळ गवतावर वाढलेले आहे म्हणून खिमा अर्धाकच्चा खाण्याचे धाडस करू नये.

प्रतिसाद ७ · मातीमोल

आपण सारे खुराकापाशी थांबलात. त्याखालच्या मातीपर्यंत कोणी गेलेच नाही. फिनलंडची माती सेलेनियमच्या बाबतीत अतिशय दरिद्री आहे. त्यामुळे तेथील चारा, चाऱ्यावरची जनावरे आणि ती खाणारी माणसे या साऱ्यांतच सेलेनियम कमी भरत असे. १९८४ मध्ये तेथील सरकारने रासायनिक खतातच सेलेनियम मिसळण्याचा निर्णय घेतला. काही वर्षांतच धान्य, दूध आणि मांस यांतील सेलेनियम कित्येक पटींनी वाढले आणि पाठोपाठ लोकांच्या रक्तातीलही. अवघ्या राष्ट्राच्या रक्तातील एका मूलद्रव्याचे प्रमाण मातीच्या वाटेने बदलल्याचे असे दुसरे उदाहरण मला आठवत नाही. त्यामुळे हृदयविकार किंवा कर्करोग कमी झाला, असे मात्र निःसंदिग्धपणे दाखवता आलेले नाही. घटक मांसात उतरणे आणि त्याने आरोग्य सुधारणे, या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत.

कोबाल्टची गोष्टही अशीच आहे. ऑस्ट्रेलियाच्या किनारी भागात हिरव्यागार कुरणात चरूनही मेंढ्या खंगून मरत. मातीत कोबाल्ट नाही, म्हणून कोटीपोटातील सूक्ष्मजीवांना बी-१२ बनवता येत नाही, हा उलगडा टप्प्याटप्प्याने झाला. कोबाल्टचा धागा १९३५ मध्ये हाती लागला आणि जीवनसत्त्वाचा त्याच्याही पुढे. मांसातून आपल्याला मिळणारे बी-१२ हे मुळात जनावराचे नसून त्याच्या पोटातील भाडेकरूंचे आहे. कुरण दिसायला हिरवे असले म्हणजे ते पोषक असतेच असे नाही, हे चराऊ मांसाच्या जाहिराती वाचताना मला हटकून आठवते.

प्रतिसाद ८ · कुरणवाट (धागालेखक)

मातीमोल यांनी दोन पायऱ्यांचा भेद स्पष्ट केल्याबद्दल आभारी आहे. दुसऱ्या पायरीचा एक छोटा प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला होता. निरोगी स्वयंसेवकांच्या एका गटाला चार आठवडे गवतावरील गोमांस व कोकराचे मांस आणि दुसऱ्याला धान्याच्या खुराकावरील तेच मांस देण्यात आले. पहिल्या गटाच्या रक्तात ओमेगा-३ चे प्रमाण वाढले. म्हणजे लहान माप असूनही ते रक्तापर्यंत पोहोचते, हे मला माझ्या मूळ लेखातील सुरापेक्षा थोडे पुढे जाऊन मान्य करावे लागेल. मात्र कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब यांत दोन गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. चार आठवडे हा काळ अर्थातच तोकडा आहे.

याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस निश्चित कर्करोगकारक, तर लाल मांस बहुधा कर्करोगकारक गटात टाकले. रोज ५० ग्रॅम प्रक्रियायुक्त मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची जोखीम सुमारे १८ टक्क्यांनी वाढते, असा त्यांचा अंदाज होता. ही वाढ मूळ जोखमीच्या तुलनेतली आहे, शंभरातल्या अठरा माणसांची नव्हे. त्यामागील संशयित म्हणजे हीम लोह (लाल मांसातले लोह), नायट्राइट (मांस टिकवण्यासाठी घालतात ते रसायन) आणि प्रखर आचेवर तयार होणारी संयुगे. यांपैकी एकही गोष्ट जनावराने गवत खाल्ले म्हणून नाहीशी होत नाही. खारवून धुरावलेले चराऊ मांस हे शेवटी खारवून धुरावलेले मांसच असते.

प्रतिसाद ९ · गोठ्यावरून

मांसाच्या गुणवत्तेतला एक भाग खुराकाबाहेरचा आहे, तो थोडक्यात नोंदवतो. जनावराच्या स्नायूंत साठलेल्या ग्लायकोजेन या शर्करेपासून कत्तलीनंतर लॅक्टिक आम्ल तयार होते आणि स्नायूंचा सामू (पीएच; तो जितका कमी तितकी आम्लता अधिक) सातावरून साडेपाचच्या आसपास येतो. मांस टिकते ते या आम्लामुळे. लांबचा प्रवास, उपासमार आणि मारझोड यांनी जनावर आधीच थकले असेल, तर ग्लायकोजेन संपलेले असते, सामू सहाच्या वरच राहतो, मांस काळपट व कोरडे दिसते आणि त्यात जिवाणू लवकर वाढतात. वर्षभर उत्तम चारा घालून शेवटच्या दोन दिवसांत हे नुकसान करून घेणारे पशुपालक मी पाहिले आहेत.

प्रतिसाद १० · शंकासुर

एक शेवटचा, अगदी व्यवहारातला प्रश्न. जनावराने काय खाल्ले हे विकत घेणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसेल, तर त्याने मांसाचा कोणता भाग टाळावा?

प्रतिसाद ११ · गोठ्यावरून

टाळावा असे म्हणण्यापेक्षा, कुठे काय साठते ते लक्षात ठेवावे. डायॉक्सिन, पीसीबी आणि काही जुनी कीटकनाशके चरबीत साठतात. म्हणून खात्री नसलेल्या कोंबडीची कातडी व तिच्याखालची चरबी काढून टाकल्यास त्यांचे प्रमाण बरेच कमी होते. औषधांचे अवशेष आणि बुरशी लागलेल्या पेंडेतील अफ्लाटॉक्सिन यकृतात व मूत्रपिंडात अधिक आढळतात. हे विष ओळखले गेले तेच मुळी १९६० मध्ये ब्रिटनमध्ये बुरशीयुक्त शेंगदाणा पेंड खाऊन एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले तेव्हा, आणि त्या पक्ष्यांची यकृतेच निकामी झाली होती. दुसरीकडे लोह, बी-१२ आणि जीवनसत्त्व अ यांसाठी यकृताइतका सकस भाग दुसरा नाही. म्हणून मी स्वतः यकृत खातो, पण महिन्यातून दोनदा, आणि गर्भवतींना जीवनसत्त्व अ च्या अतिरेकामुळे ते टाळण्यास सांगतो. निव्वळ स्नायूंच्या मांसात यांतले फारच थोडे साठते.

प्रतिसाद १२ · शंकासुर

धन्यवाद. आजपासून कातडी काढून टाकतो. यकृताचे वेळापत्रक मात्र घरच्यांशी बोलून ठरवावे लागेल.